साठेखतावरचं घर

"ते लोक बचतच करत नाहीत हो."

हे वाक्य शिकागोच्या उपनगरांतल्या मराठी घरांमध्ये मी इतक्यांदा ऐकलंय की आता कोण बोललं ते लक्षातही राहत नाही. गणपतीची आरती झालेली असते, हातात कागदी प्लेट, प्लेटमध्ये मसालेभात, विषय मुलांच्या कॉलेजवरून फीवर जातो, फीवरून टॅक्सवर आणि टॅक्सवरून अलगद ब्लॅक लोकांवर. मग पुढची कॅसेट ठरलेली. आम्ही दोन बॅगा घेऊन आलो, चौघांत मिळून एक अपार्टमेंट, खटारा कोरोला, आणि आज बघा. ह्यांची गुलामगिरी संपून दीडशे वर्षं झाली तरी रडगाणं चालूच. बोलणारी माणसं वाईट नसतात हे मुद्दाम सांगतो. रात्री दोन वाजता फोन केला तर एअरपोर्टवर घ्यायला येतील अशी माणसं. फक्त ऑफिसात शेजारी बसणाऱ्या माणसाला "तुझे आजोबा काय करायचे?" हे त्यांनी कधी विचारलेलं नसतं.

आता गंमत अशी की या विषयावरचा एक प्रचंड मोठा अभ्यास आपल्याच माणसाच्या नावावर आहे. राज चेट्टी. जन्म दिल्लीचा, घरचे तमिळ, नवव्या वर्षी आईबापांबरोबर अमेरिकेत आला आणि आता हार्वर्डला अर्थशास्त्राचा प्रोफेसर. पार्टीत त्याचं नाव निघालं की सगळ्यांची छाती फुगते, पेपर मात्र कुणी उघडलेला नसतो. 2018 साली त्याने आणि सहकाऱ्यांनी जनगणनेचा आणि इन्कम टॅक्सचा डेटा, नावंबिवं काढून टाकलेला, एकमेकांना जोडला. 1978 ते 1983 मध्ये जन्मलेली साधारण 2 कोटी मुलं घेतली, ती लहान असताना आईबाप किती कमवत होते आणि ती तिशीत गेल्यावर स्वतः किती कमवतात हे वंशाप्रमाणे वेगळं करून मांडलं. सगळ्यात खालच्या वीस टक्के घरांत जन्मलेलं गोरं मूल सगळ्यात वरच्या वीस टक्क्यांत पोचण्याची शक्यता 10.6 टक्के, ब्लॅक मुलाची 2.5 टक्के. इथपर्यंत पार्टीतला माणूस म्हणेल, बघा, मी काय म्हणत होतो.

पण त्याच पेपरमध्ये उलट्या बाजूचा आकडा आहे आणि मला हलवलं ते त्याने. वरच्या वीस टक्क्यांत, म्हणजे डॉक्टर-वकील-मॅनेजर टाइप घरात जन्मलेलं गोरं मूल वरच राहण्याची शक्यता ते तळाला जाण्याच्या जवळपास पाचपट. आणि तशाच घरात जन्मलेलं ब्लॅक मूल? वर राहण्याची आणि थेट तळाच्या वीस टक्क्यांत जाऊन पडण्याची शक्यता जवळजवळ सारखी. नाणेफेकच म्हणा. न्यूयॉर्क टाइम्सने तेव्हा याची ठिपक्यांची ॲनिमेशन केली होती, श्रीमंत घरातली मुलं म्हणून एका बाजूने ठिपके निघतात, रंगीत, आणि दुसऱ्या बाजूला आपापल्या थराला जाऊन बसतात, एका रंगाचे ठिपके बऱ्यापैकी वरच्या वर आणि दुसऱ्या रंगाचे सरीसारखे खाली. मी ते बघत बसलो होतो, बायको दोनदा येऊन बोलावून गेली.

म्हणजे ही माणसं दीडशे वर्षं पायरीवर बसून होती असं नाहीच. चढली, घसरली, परत चढली. आणि घसरली म्हणतो ते पण अर्धवट, कारण बऱ्याचदा कुणीतरी शिडी धरून हलवत होतं.

आमच्या ऑफिसात पेरोल बघणारी एक बाई आहे. माझ्यापेक्षा थोडी मोठी, कामात अत्यंत चोख, एक सेंट इकडचा तिकडे होऊ देत नाही. तिचे आजोबा मिसिसिपीचे. तिथे अर्धेलीने कापूस करायचे, बी-बियाणं, मीठमिरची सगळं मालकाच्याच दुकानातून उधार, सुगीला हिशेब मालकाच्याच वहीत, आणि त्या वहीत दरवर्षी ह्यांच्या अंगावर देणंच निघायचं. ते सोडून इलिनॉय सेंट्रलच्या ट्रेनने शिकागोला आले, 1910 ते 1970 या साठ वर्षांत दक्षिणेतून असे साधारण 60 लाख लोक उत्तरेकडे आणि पश्चिमेकडे गेले त्यातलेच ते एक. ट्रॅक्टरच्या कारखान्यात काम मिळालं, युनियनची मेंबरशिप मिळाली, आजी लाँड्रीत जायची. दोघांनी पैसे साठवले आणि पन्नासच्या दशकाच्या शेवटी नॉर्थ लॉनडेल भागात टू-फ्लॅट घेतलं. टू-फ्लॅट म्हणजे दुमजली घर, एक मजला आपला, एक भाड्याला, पुढे करड्या दगडाची दर्शनी भिंत. शिकागोत अशी घरं ढिगाने.

घेतलं म्हणजे काय ते सांगतो, कारण सगळी मेख तिथेच आहे.

1933 नंतर फेडरल सरकारने गृहकर्जाच्या भानगडीत लक्ष घातलं, शहरांचे नकाशे बनवले, वस्त्यांना ग्रेड दिल्या, आणि जिथे ब्लॅक लोक राहतात तो भाग लाल रंगाने रंगवला, म्हणजे धोका. 1934 पासून सरकार गृहकर्जाचा विमा द्यायला लागलं, त्यानेच अमेरिकेचा अख्खा मिडल क्लास घरमालक झाला, पण लाल भागात विमा नाही. विमा नाही म्हणून बँक कर्ज देत नाही. आणि गोऱ्या वस्तीत हे जाऊ शकत नाहीत, कारण तिथल्या घरांच्या कागदांतच लिहिलेलं असायचं की ब्लॅक माणसाला विकायचं नाही. 1948 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अशा अटी कोर्टातून अंमलात आणता येणार नाहीत, तरी खिडकीवर दगड मारायला कोर्टाची ऑर्डर लागत नाही. मग हातात पैसे असलेला, नोकरी असलेला ब्लॅक माणूस घर घेणार कसं? तर "कॉन्ट्रॅक्टवर". सट्टेवाला घाबरलेल्या गोऱ्या माणसाकडून स्वस्तात घर उचलायचा आणि चढ्या भावाने ब्लॅक कुटुंबाला हप्त्यावर द्यायचा. डाउन पेमेंट घ्यायचा, दर महिन्याला हप्ता घ्यायचा, पण डीड, म्हणजे मालकीचा कागद, स्वतःच्याच नावावर ठेवायचा, शेवटचा हप्ता फिटेपर्यंत.

आपल्याकडच्या माणसाला हे एका वाक्यात कळेल. साठेखत झालंय, खरेदीखत कधीच होत नाही. आणि हे साठेखत पण असलं भयानक की दुरुस्ती तुमची, टॅक्स तुमचा, विमा तुमचा, छप्पर गळलं तर तुमचं, मात्र एक हप्ता चुकला की घर त्याचं, आणि तोपर्यंत भरलेले सगळे पैसेही त्याचेच. मग तेच घर तो पुढच्या कुटुंबाला विकायचा. तसंच. 2019 मध्ये ड्यूक युनिव्हर्सिटीच्या अभ्यासात हिशेब काढलाय, पन्नास-साठच्या दशकांत शिकागोत ब्लॅक कुटुंबांनी घेतलेल्या घरांपैकी कमीत कमी तीन चतुर्थांश अशी कॉन्ट्रॅक्टवर होती, किमतीवर सरासरी 84 टक्के चढवलेले होते, आणि एकूण नुकसान 2019 च्या पैशात 320 ते 400 कोटी डॉलर. एका शहरात, दोन दशकांत.

त्या बाईच्या घरी त्या पावत्या आहेत. डॅनिश बिस्किटांचा तो निळा गोल डबा असतो ना, आपल्याकडे ज्यात सुईदोरा असतो, त्यात. एकदा ऑफिसात घेऊन आली होती, झेरॉक्स काढायला. पातळ पिवळट कागद, वर्षाप्रमाणे रबरबँड लावलेले, रबर जुनं होऊन कागदालाच चिकटलेलं. प्रत्येक पावतीवर तारीख, रक्कम, आणि घेणाऱ्याची एक लफ्फेदार सही. मागच्या बाजूला आजीच्या बारीक अक्षरात पेन्सिलने त्या महिन्याचा घरखर्च मांडलेला, कोळसा किती, बूट किती, चर्चला किती. एका पावतीच्या मागे नुसतं लिहिलं होतं, बॉयलर, आणि पुढे आकडा, आणि आकड्याखाली दोन रेघा. मी ते कागद हातात घेऊन उभा होतो आणि डोक्यात सारखं तेच, ते लोक बचतच करत नाहीत हो.

कारखान्यात आजोबांचा हात दुखावला, काही आठवडे पगार बंद, हप्ता चुकला. घर गेलं. पाचेक वर्षं भरलेल्या पैशांतला एक डॉलर परत नाही. तिची आई तेव्हा शाळकरी पोरगी, सामान फुटपाथवर ठेवलेलं तिला आठवतं, आणि शेजारचे लोक बघत होते ते जास्त आठवतं.

लॉनडेलची पुढची गोष्ट तशी प्रसिद्ध आहे. 1966 च्या जानेवारीत मार्टिन ल्यूथर किंग तिथल्याच एका पडक्या अपार्टमेंटमध्ये मुद्दाम राहायला आले होते, घरांचा प्रश्न दाखवायला. 1968 मध्ये तिथे कॉन्ट्रॅक्टवर घर घेतलेल्यांनी लीग, म्हणजे संघटना, काढली, पाद्री व्हायला निघालेला एक तरुण जेसुइट पोरगा आणि खुद्द घरात अडकलेली माणसं, अक्षरशः दारोदार जाऊन रजिस्ट्रीतले आकडे दाखवायचे की तुमच्या मालकाने हे घर केवढ्याला घेतलं आणि तुम्हाला केवढ्याला दिलं. हप्ते बंदचा संप केला. काहीशे कॉन्ट्रॅक्ट बदलून मिळाली, फेडरल कोर्टातल्या केसेस मात्र शेवटी हरले. त्याच वर्षी किंग यांचा खून झाला, दंगलीत मॅडिसन स्ट्रीट आणि रूझवेल्ट रोड जळले, आठवड्याभरात फेअर हाउसिंगचा कायदा पास झाला, पुढच्याच वर्षी इंटरनॅशनल हार्वेस्टरचा तिथला ट्रॅक्टरचा कारखाना बंद, सत्तरच्या दशकात सिअर्स या दुकानांच्या कंपनीचं हेडक्वार्टर लॉनडेल सोडून डाउनटाउनच्या टॉवरमध्ये. घर घ्यायचा हक्क मिळाला तेव्हा नोकरी निघून चालली होती.

आणि हे पहिल्यांदा होत होतं असं पण नाही. मला स्वतःला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट त्याच्याही शंभर वर्षं आधीची आहे. 1865 मध्ये गुलामगिरी संपता संपता जनरल शर्मनने समुद्रकाठची जमीन मुक्त झालेल्या कुटुंबांना चाळीस-चाळीस एकर द्यायचा हुकूम काढला, हजारो लोक त्या जमिनीवर जाऊन वसलेसुद्धा, आणि त्याच वर्षी प्रेसिडेंट अँड्र्यू जॉन्सनने ती काढून जुन्या मालकांना परत दिली. हे चाळीस एकर प्रकरण बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. पण त्याच वर्षी वॉशिंग्टनच्या काँग्रेसने एक बँक पण काढली होती, फ्रीडमन्स बँक, खास मुक्त झालेल्या लोकांसाठी. कालपर्यंत जे स्वतःच मालमत्ता होते त्यांनी तिथे पैसे ठेवले, कुणी पाच डॉलर, कुणी पन्नास, सैन्यातला पगार, धुण्याचे पैसे. मग बँक चालवणाऱ्या गोऱ्या संचालकांनी ते पैसे ओळखीपाळखीच्या उद्योगांत घातले, सट्टा केला, 1873 ची मंदी आली. शेवटी बुडत्या बँकेचा अध्यक्ष म्हणून गुलामगिरीतून निसटलेले नेते फ्रेडरिक डग्लस यांना आणून बसवलं, त्या माणसाने स्वतःचे 10 हजार डॉलर टाकून बघितलं, काही उपयोग नाही. 1874 च्या जूनमध्ये बँकेला टाळं. 61 हजारांवर ठेवीदारांचे जवळपास 30 लाख डॉलर अडकले. कुणाला थोडे मिळाले, पुष्कळांना काहीच नाही. पतसंस्था बुडाल्यावर गावात काय होतं, लोक पुन्हा किती वर्षं कुणाच्या काउंटरवर पैसे ठेवत नाहीत, हे महाराष्ट्रातल्या माणसाला मी काय सांगू. इथे तर एका अख्ख्या समाजाची पहिली पासबुकं होती ती.

दुसऱ्या महायुद्धानंतर परत तेच. सैनिकांसाठी जीआय बिल आलं 1944 ला, स्वस्त कर्ज, कॉलेजची फी, लाखो गोरी कुटुंबं एका पिढीत कामगारवस्तीतून उपनगरात. कागदावर सगळ्या सैनिकांना सारखं. मिसिसिपीत 1947 मध्ये या योजनेखाली घर, धंदा, शेतीसाठी 3229 कर्जांना हमी मिळाली, त्यातली ब्लॅक सैनिकांची 2. दोन. टायपो नाहीये.

बरं हे सगळं जुनं झालं म्हणावं तर ऑफिसातल्या त्या बाईच्या आईने 2005 मध्ये साठी जवळ आल्यावर आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावावर घर घेतलं, खरंखुरं, डीडसकट. आणि कर्ज कसलं दिलं तिला, तर पहिली दोन वर्षं कमी व्याज आणि मग फास. तिचा क्रेडिट स्कोअर साध्या फिक्स्ड लोनला पुरेसा होता. अशी ती एकटी नव्हती, त्या काळात चांगला स्कोअर असलेल्या हजारो ब्लॅक आणि हिस्पॅनिक लोकांना महागड्या कर्जात ढकललं म्हणून एका बड्या कर्ज कंपनीने 2011 मध्ये सरकारबरोबर 33.5 कोटी डॉलरची सेटलमेंट केलीय. तोपर्यंत आईचं घर फोरक्लोजरमध्ये, म्हणजे थकलेल्या कर्जापायी जप्तीत, गेलेलं होतं.

त्याच 2011 मध्ये आम्ही आमचं घर घेतलं. बाजार पडलेला, भाव खाली, आमच्यासाठी सोन्यासारखी वेळ. डाउन पेमेंटला थोडे कमी पडत होते, तर बाबांनी पुण्याहून फोन करून सांगितलं की तळेगावचा प्लॉट तसाही पडूनच आहे, काढून टाकू. काढला. हा प्लॉट त्यांनी ऐंशीच्या दशकात घेतला होता, बँकेतल्या नोकरीच्या जोरावर. बँकेतली नोकरी लागली कारण ते शिकलेले, शिकले कारण आजोबा शाळामास्तर, आणि आजोबा मास्तर का झाले तर त्या गावात त्या काळी ज्या मोजक्या घरांत पिढ्यानपिढ्या लिहिता-वाचता येत होतं त्यातलं एक आमचं. ती घरं कुठल्या आळीत होती ते मराठी वाचकाला फोड करून सांगायला नको, त्यावर लिहायला बसलो तर वेगळा लेख होईल आणि लिहायलाही हवा. माझं इंजिनिअरिंग सरकारी कॉलेजात झालं, फी वर्षाला काही हजार रुपये. दोन बॅगा घेऊन आलो हे खरंच आहे, पण बॅगेत काय होतं हेच फक्त आपण सांगतो, मागे काय ठेवून आलो होतो ते नाही.

इथे लोक पगाराबद्दल भांडत बसतात, खरी गोष्ट आहे साठलेल्या पैशाची. फेडरल रिझर्व्हच्या 2022 च्या पाहणीत मधल्या, म्हणजे रांगेत बरोबर मध्यावर येणाऱ्या, गोऱ्या कुटुंबाची निव्वळ संपत्ती 2 लाख 85 हजार डॉलर, मधल्या ब्लॅक कुटुंबाची 44,900. पगारात इतका फरक नाहीये, संपत्तीत सहापट. आणि संपत्तीचं काम रोज दिसत नाही, अडचण आली की दिसतं. माझी नोकरी मध्यंतरी सात-आठ महिने गेली होती तेव्हा घरात कुणाला जेवणाची चिंता करावी लागली नाही, बाबा म्हणाले सांग काही लागलं तर, एवढंच. माझ्या टीममधल्या गोऱ्या पोराला सासऱ्याने गाडी दिली. आमच्या घरांत पैसा गरज पडली की वरून खाली येतो. त्या बाईचा पगार माझ्यापेक्षा फार कमी नाही, पण तिचा पैसा खालून वर जातो आणि आडवाही जातो, आईचं भाडं, मावशीची औषधं, भाच्याची फी, भावाचा वकील.

भाऊ. त्याच्याबद्दल ती कमी बोलते. दोघं एकाच घरात वाढले, एकाच शाळेत गेले, दीड वर्षाचं अंतर. ती पेरोल मॅनेजर, आणि तो तुरुंगात जाऊन आलेला, आता जिथे मिळेल तिथे गोडाऊनचं काम करतो आणि दर नव्या नोकरीच्या फॉर्मवर त्याच जुन्या चौकटीत टिक करतो. मला आधी वाटायचं ही त्या घराची गोष्ट. पण चेट्टीच्या पेपरमधला सगळ्यात विचित्र निष्कर्ष नेमका हाच आहे. आईबापांचं उत्पन्न सारखं धरलं तर ब्लॅक मुली मोठ्या होऊन गोऱ्या मुलींइतकंच कमवतात, फरक जवळपास शून्य. सगळं अंतर मुलांमध्ये आहे, पोरग्यांमध्ये. आता हे आळसाचं, संस्कृतीचं, अकलेचं प्रकरण असतं तर ते एकाच आईच्या पोटी जन्मलेल्या बहिणीला सोडून भावालाच कसं लागलं असतं? या एका प्रश्नावर मी पार्टीत भल्याभल्यांना गप्प होताना बघितलंय.

गप्प झाल्यावर थोड्या वेळाने येतं ते म्हणजे "बाप सोडून जातात हो त्यांचे". याचंही उत्तर तिथे आहे आणि ते मला आवडलं, कारण ते कुणालाच सोयीचं नाही. आईबाप लग्नाचे आहेत की नाहीत हे सारखं केलं तरी अंतर फारसं हलत नाही. पण गल्लीत एकूण किती ब्लॅक बाप घरी आहेत याने फरक पडतो, तुमचा स्वतःचा बाप असो नसो. म्हणजे संध्याकाळी कामावरून डबा घेऊन परत येणारे पुरुष पोरांना दिसतात की नाही. जोडीला ज्या वस्त्यांत गरिबी कमी आणि गोऱ्यांच्या मनातला आकस कमी तिथे ब्लॅक मुलगे बरे निघतात. गरिबी कमी आणि निम्म्याहून जास्त ब्लॅक बाप घरी, अशा वस्त्यांत किती ब्लॅक मुलं वाढतात? 5 टक्क्यांपेक्षा कमी. बाकी देशभरात, ज्यांना सेन्सस ट्रॅक्ट म्हणतात त्या छोट्या छोट्या वस्त्या घेतल्या तर 99 टक्के ठिकाणी सारख्या उत्पन्नाच्या घरातला ब्लॅक मुलगा गोऱ्या मुलापेक्षा कमी कमावतो. चांगली शाळा, चांगला सबर्ब, हे आपलं देशी औषध, त्याने आजार कमी होतो, जात नाही.

आमच्याच कल-डी-सॅकमध्ये, म्हणजे बंद गल्लीत, एक ब्लॅक कुटुंब आहे, नवरा भूलतज्ज्ञ, बायको शाळेत प्रिन्सिपल, आमच्याहून दीडपट मोठं घर. त्यांचा मुलगा आणि माझा मुलगा एका वर्गात. एका उन्हाळ्यात दोघांनी गवत कापून पैसे कमवायचं ठरवलं, पत्रकं छापली, मशीन आमचं, पेट्रोल त्यांचं. निघायच्या आधी त्याची आई आमच्या ड्राइव्हवेवर आली आणि अगदी सहज, सनस्क्रीन लाव म्हणावं तशा आवाजात सांगून गेली की बेल वाजवायला तुझा मुलगा पुढे जाऊ दे, माझा फुटपाथवर थांबेल, आणि ज्या घरांत ओळख नाही तिथे तो एकटा मागच्या अंगणात जाणार नाही. माझ्या मुलाला वाटलं मित्र लाजाळू आहे म्हणून. त्या पोराला मात्र तो नियम तोंडपाठ होता, त्याने मान पण वर केली नाही. चेट्टीच्या टीमने 2010 च्या जनगणनेच्या दिवशी कोण तुरुंगात होतं तेही तपासलंय, देशातल्या सगळ्यात श्रीमंत 1 टक्का घरांत वाढलेले ब्लॅक पुरुष तुरुंगात असण्याचं प्रमाण वर्षाला 36 हजार डॉलरवाल्या घरांत वाढलेल्या गोऱ्यांइतकं होतं. प्रिन्सिपलबाईंनी हा पेपर वाचलाय की नाही मला माहीत नाही, त्यांना गरज नसावी.

आता आपल्याबद्दल. आशियाई मुलं सगळ्यांत पुढे, हेही त्याच पेपरमध्ये आहे आणि व्हॉट्सॲपवर तेवढंच फिरतं. त्याच्या खालचं वाक्य फिरत नाही, की ही झेप बरीचशी बाहेरून आलेल्या आईबापांच्या मुलांची आहे, ज्यांच्या आया अमेरिकेतच जन्मल्या त्या आशियाई मुलांचं चित्र गोऱ्यांसारखंच दिसतं. साधी गोष्ट आहे, व्हिसाच्या चाळणीतून गाळून आलेली माणसं आपण. अख्ख्या गावातून जो पहिला आला त्याला उचलून आणायचं आणि ज्यांना साखळदंडात आणलं त्यांच्याशी तुलना करायची, ही शर्यत कुणी लावली? शिवाय ती चाळणी तरी कुणामुळे उघडली. 1923 मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंड नावाच्या माणसाला सांगितलं होतं की तू गोरा नाहीस, म्हणून नागरिक होऊ शकत नाहीस. आपल्यासाठी दार खरं उघडलं 1965 च्या इमिग्रेशन कायद्याने, आणि तो कायदा सिव्हिल राइट्सच्या त्याच लाटेत पास झाला ज्यात ब्लॅक लोक रस्त्यावर मार खात होते. मागच्या पिढीतले जे काका-मावशी शिकागोत आले, मंडळ काढलं, ते सगळे त्या दारातून आत आले. हे मी ग्रुपवर लिहिलं तर एकाने थम्ब्सअप टाकला आणि लगेच कुणीतरी गुड मॉर्निंगचं फूल.

जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या, गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या लोकांना. पुण्यात बसून, हा देश न बघता, त्यांना दोन ठिकाणचं दुखणं एक आहे हे दिसलं. आंबेडकर तर कोलंबियात शिकून गेले आणि 1946 मध्ये त्यांनी ब्लॅक विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिलं, युनायटेड नेशन्सकडे करायच्या अर्जाची प्रत मागवायला. आम्ही लॉनडेलपासून तीसेक मैलांवर राहतो आणि मेट्रा लोकलने डाउनटाउनला जाताना सिसेरो स्टेशन गेलं, लॉनडेल आलं की फोनमध्ये डोकं घालतो.

इव्हन्स्टनची गोष्ट सांगून थांबतो. हे शिकागोला लागून असलेलं गाव, नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटीचं. तिथल्या नगरपालिकेने 2019 मध्ये ठरवलं की गांजाच्या विक्रीवरच्या टॅक्समधून भरपाई द्यायची, आणि 2021 मध्ये योजना पक्की केली, 1919 ते 1969 मध्ये तिथे राहिलेल्या ब्लॅक लोकांना आणि त्यांच्या वंशजांना, घरासाठी 25 हजार डॉलर. बातमी आली तेव्हा ग्रुपवर कल्लोळ. आपण काय केलंय, आपण तर तेव्हा इथे नव्हतोच, आपल्या टॅक्समधून का. मला हा प्रश्न अगदीच मूर्खपणाचा वाटत नाही, पण मग रस्ते, शाळा, युनिव्हर्सिट्या पण आपण बांधल्या नव्हत्या, त्या वापरताना आपण तेव्हा नव्हतो असं कुणी म्हणत नाही. देणं तेवढं आधीच्यांचं आणि घेणं आपलं, असा हिशेब किराणा दुकानात पण चालत नाही. 25 हजारांत इव्हन्स्टनमध्ये धड डाउन पेमेंट पण होत नाही हा भाग वेगळा, आणि 2024 मध्ये त्या योजनेविरुद्ध फेडरल कोर्टात केस दाखल झालीच.

त्याच 2024 मध्ये चेट्टीच्या टीमचा नवा पेपर आला. 1978 आणि 1992 मध्ये जन्मलेल्या मुलांची तुलना, आणि गरीब घरांतल्या ब्लॅक आणि गोऱ्या मुलांमधलं अंतर साधारण 30 टक्क्यांनी कमी झालंय. पेपरांत आनंदाचे मथळे. आत वाचलं तर ब्लॅक मुलं थोडी वर गेलीत आणि गरीब गोरी मुलं खाली आलीत, दोन्ही मिळून अंतर मिटतंय, आणि कारण म्हणून सापडलं ते हे की आसपासच्या मोठ्या माणसांना काम आहे की नाही. फुटपाथवर सामान बघणाऱ्या त्या शाळकरी पोरीच्या वस्तीतून कारखाने गेले तेव्हा जे झालं ते आता गोऱ्या गावांत होतंय.

मी पेरोलवालीला विचारलं की शिकागोत असं इव्हन्स्टनसारखं काही आहे का तुझ्यासाठी. तिने सांगितलं की महापौरांनी 2024 मध्ये टास्क फोर्स नेमलाय. म्हणजे समिती. समिती म्हणजे काय ते मराठी माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. इव्हन्स्टनला तिचा अर्ज चालणार नाही, आजोबांचं घर दहा-बारा मैल अलीकडे पडलं. तिने मागच्या वसंतात दक्षिणेकडच्या एका उपनगरात स्वतःचं घर घेतलं, क्लोजिंगला, म्हणजे खरेदीच्या सह्यांच्या वेळी, एक एक पान वाचलं, वकिलाने दोनदा घड्याळ बघितलं तरी वाचलं, आणि पुढच्या आठवड्यात सुट्टी टाकून काउंटीच्या ऑफिसात जाऊन डीड आपल्याच नावावर चढलंय ना ते स्वतः बघून आली. तीस वर्षांचं फिक्स्ड लोन आहे. फिटेल तेव्हा ती ऐंशीच्या पुढे असेल, आणि भावाचं नाव तिने वारस म्हणून आत्ताच घातलंय.